गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि मेंदू : घरच्या मोजणीपासून बाळंतपणानंतरच्या देखरेखीपर्यंत

गरोदरपणात रक्तदाब वाढला की घरातील सगळे पहिली चौकशी बाळाची करतात, आणि तपासणीतही लघवीतील प्रथिने, मूत्रपिंड, यकृत आणि बाळाची वाढ यांवरच बराच वेळ जातो. मेंदूचा विषय निघतो तो बहुधा झटके आल्यावर, म्हणजे उशिरा. वास्तविक या आजारात आईच्या जिवावर बेतते तेव्हा मेंदूतील रक्तस्राव आणि झटके ही त्यामागची प्रमुख कारणे असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या आधी काही तास किंवा काही दिवस शरीर सूचना देत असते. त्या सूचना कशा ओळखाव्यात, रक्तदाब कसा मोजावा, कोणत्या आकड्याला काय करावे आणि रुग्णालयात पुढे काय होते, हे या लेखात क्रमाने दिले आहे. माझा भर तीन गोष्टींवर आहे: रक्तदाबाचा वरचा आकडा, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे. या तिन्हींकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. औषधांची नावे दिली आहेत ती चाललेले उपचार समजावेत म्हणून. ती स्वतःहून घेण्यासाठी नाहीत.

मेंदूत नेमके काय घडते

निरोगी मेंदूला रक्ताचा पुरवठा जवळपास एकसारखा मिळत राहतो. रक्तदाब चढला की मेंदूतील लहान धमन्या आकसतात, उतरला की रुंदावतात, आणि त्यामुळे आतील नाजूक केशवाहिन्यांपर्यंत जास्तीचा दाब पोहोचत नाही. ही व्यवस्था अर्थातच एका मर्यादेपर्यंत चालते. दाब त्या मर्यादेपलीकडे गेला, किंवा मर्यादेच्या आत असूनही फार वेगाने वाढला, तर धमन्यांचा हा आवर सुटतो, केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपते आणि मेंदूच्या त्या भागाला सूज येते.

गरोदरपणातील विशिष्ट आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियात, यात आणखी एका बिघाडाची भर पडते. या आजाराचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातील धमन्या जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते, आणि अशी त्रासलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिने मोठ्या प्रमाणात सोडू लागते. त्यांपैकी ‘एसएफएलटी-१’ नावाचे प्रथिन रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर टिकवून धरणाऱ्या घटकांना, विशेषतः ‘पीएलजीएफ’ला, बांधून टाकते. अस्तर कमकुवत होते आणि गळू लागते. मूत्रपिंडात ते गळले की लघवीतून प्रथिने जातात. मेंदूत गळले की डोके दुखते, नजर बिघडते, झटके येतात.

म्हणूनच केवळ आकड्यावरून मेंदूचा धोका पूर्णपणे ठरवता येत नाही. अनेक वर्षे उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीच्या धमन्या वाढीव दाबाला सरावलेल्या असतात. तिला १६०/१०० या दाबाला काहीही जाणवणार नाही, असे होऊ शकते. याउलट जिचा नेहमीचा रक्तदाब १००/६० आहे, तिचा दाब दोन दिवसांत १५०/१०० झाला आणि अस्तर आधीच कमकुवत असले, तर तिला झटका येऊ शकतो. झटका आलेल्या काही स्त्रियांमध्ये त्यापूर्वी रक्तदाब अतिशय वाढल्याची किंवा लघवीतून प्रथिने जात असल्याची नोंदच नसते.

सूज बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या भागात येते. तेथील रक्तवाहिन्यांना दाबाच्या चढउतारापासून संरक्षण देणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे तुलनेने विरळ असते. आणि नेमक्या याच भागात डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचा अर्थ लावला जातो. त्यामुळे डोळा पूर्ण निरोगी असूनही समोर काजवे चमकणे, दृश्याचा काही भाग गायब होणे, क्वचित पूर्ण अंधत्व येणे अशी लक्षणे दिसतात. स्कॅनवर दिसणाऱ्या या चित्राचे वर्णन १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे ते ‘पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम’, थोडक्यात ‘प्रेस’, या नावाने रूढ झाले. नावात ‘रिव्हर्सिबल’ म्हणजे पूर्ववत होणारा हा शब्द असला तरी ते वेळेवर उपचार मिळाले तरच खरे ठरते. सूज रेंगाळली तर मेंदूच्या पेशी कायमच्या मरू शकतात.

सुजेखेरीज आणखी तीन मार्गांनी इजा होऊ शकते: धमनी फुटून रक्तस्राव होणे, मेंदूतील धमन्या अचानक आवळल्या जाऊन पुरवठा तुटणे, आणि मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होणे. शेवटचे दोन प्रकार बाळंतपणानंतर विशेषकरून आढळतात.

पहिली पायरी : आपला गट कोणता, हे विचारून घ्यावे

वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा आकडा ९० किंवा अधिक, असे किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळले तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्ही आकडे वाढलेले असण्याची गरज नाही, एक पुरे. हा दाब गरोदर राहण्यापूर्वीपासून किंवा विसाव्या आठवड्याच्या आत आढळला तर तो जुना रक्तदाब समजला जातो, आणि विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढला तर तो गरोदरपणामुळे आलेला. त्यासोबत लघवीतून चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रथिने जात असतील, किंवा रक्तातील प्लेटलेट एक लाखाखाली आल्या असतील, यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या तपासण्या बिघडल्या असतील, फुप्फुसात पाणी साठले असेल, अथवा मेंदूची व नजरेची लक्षणे असतील, तर तो प्रीएक्लॅम्पसिया ठरतो. लघवीत प्रथिने नसली म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया नाही, ही जुनी समजूत आता चुकीची मानली जाते, तरीही ती ऐकू येते. प्रीएक्लॅम्पसियात झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात.

ज्यांना आधीच्या गरोदरपणात हा त्रास झाला होता, ज्यांना जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे, ज्यांच्या पोटात जुळी आहेत, त्यांचा धोका अधिक असतो. पहिले गरोदरपण, पस्तिशीच्या पुढचे वय, अधिक वजन, आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झालेला असणे, या गोष्टी एकत्र आल्या तरी धोका वाढतो. अशा स्त्रियांना बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांदरम्यान कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ या चाचणीत रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या, अधिक धोक्याच्या स्त्रियांमध्ये सदतिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण करावे लागणारा प्रीएक्लॅम्पसिया निम्म्याहून अधिक घटला. हा उपाय वेळेवर सुरू झाला तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो. म्हणून पहिल्या भेटीतच ‘मला अ‍ॅस्पिरिनची गरज आहे का?’ असे स्पष्ट विचारावे.

दुसरी पायरी : रक्तदाब बरोबर मोजावा

चुकीची मोजणी दोन्ही बाजूंनी नुकसान करते, पण मेंदूच्या दृष्टीने खोटा कमी आकडा खोट्या जास्त आकड्यापेक्षा घातक असतो. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे आणि ते गरोदरपणात वापरण्यासाठी तपासून मान्य झालेले आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. सामान्य माणसांवर अचूक ठरलेली काही यंत्रे प्रीएक्लॅम्पसियात प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतात. मनगटाच्या यंत्रावर विसंबू नये. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, आणि फार मोठा पट्टा तो खोटा घटवतो. घरी यंत्र आणल्यावर ते एकदा तपासणीला सोबत न्यावे आणि तेथील मोजणीशी ताडून पाहावे.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि श्रम टाळावेत, लघवीला जाऊन यावे आणि पाठीला आधार देऊन, पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाय एकावर एक टाकू नयेत. पट्टा कपड्यावर न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधावा आणि हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा हृदयाच्या उंचीवर येईल. मोजत असताना बोलू नये. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. डाव्या कुशीवर झोपून उजव्या, म्हणजे वरच्या, दंडावर मोजले तर तो दंड हृदयापेक्षा उंचावर राहतो आणि आकडा खोटा कमी येतो. बसून १५० आला, मग कुशीवर झोपून १३५ आला आणि सगळ्यांनी निःश्वास टाकला, असे घडू देऊ नये. बसून आलेला आकडाच ग्राह्य धरावा.

नोंद एका वहीत ठेवावी आणि आकड्यासोबत लक्षणेही लिहावीत. ‘सकाळी ८.१०, डावा हात, बसून, १४६/९२ आणि १४४/९०, डोके दुखत नाही’ आणि ‘रात्री ९.३०, १५२/९६ आणि १५४/९४, कपाळ ठणकते, पॅरासिटामॉल घेऊन दीड तास झाला, फरक नाही’ अशा दोन ओळी डॉक्टरांना जितके सांगतात, तितके ‘बीपी थोडे वाढलेले आहे’ हे वाक्य कधीच सांगत नाही. किती वेळा मोजायचे हे डॉक्टर ठरवतात. जिचा रक्तदाब वाढलेला आहे आणि जी घरी आहे तिने सकाळ-संध्याकाळ मोजणे साधारणपणे योग्य असते.

तिसरी पायरी : मेंदूची लक्षणे ओळखावीत

डोकेदुखी गरोदरपणात इतकी सर्रास असते की तिच्याकडे गंभीरपणे पाहिलेच जात नाही, आणि या आजारात पहिली चूक बहुधा येथेच होते. संशय घ्यावा ती डोकेदुखी नवी असते, म्हणजे त्या स्त्रीच्या नेहमीच्या डोकेदुखीसारखी नसते. ती कपाळात, डोक्याच्या मागे किंवा सर्वत्र असू शकते, ठणकते, तासागणिक वाढते आणि पॅरासिटामॉल व विश्रांतीने जात नाही. अर्धशिशीचा जुना त्रास असलेल्या स्त्रियांनी ‘ही तीच’ असे गृहीत धरण्यापूर्वी रक्तदाब मोजावाच. विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतर डोके दुखू लागले की आधी रक्तदाब मोजायचा आणि मग गोळीचा विचार करायचा, एवढी एक सवय घरात लागली तरी पुष्कळ साधेल.

एका क्षणात सुरू होऊन मिनिटभरात असह्य होणारी डोकेदुखी ही वेगळी आणि अधिक तातडीची गोष्ट आहे. ‘आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते’ असे वर्णन स्त्री करत असेल तर मेंदूत रक्तस्राव झालेला किंवा धमन्या आवळल्या गेलेल्या असू शकतात. अशा वेळी रक्तदाबाचा आकडा साधारण आला तरी रुग्णालय गाठावे.

नजरेच्या तक्रारी स्त्रिया स्वतःहून क्वचितच सांगतात, म्हणून त्या विचाराव्या लागतात. समोर ठिपके किंवा चमक दिसते का, वाचताना ओळीचा एखादा भाग नाहीसा होतो का, एकाची दोन दिसतात का, प्रकाश सहन होत नाही का, असे प्रश्न करावेत. एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, समोरच्या माणसाचा पूर्ण चेहरा दिसतो का हे घरीही पाहता येते. दोन्ही डोळ्यांनी दृश्याची एकच बाजू दिसत नसेल तर बिघाड डोळ्यांत नसून मेंदूत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी चष्म्याचा नंबर काढायला जाण्यात वेळ घालवू नये.

बाकीची लक्षणे घरच्यांनाच जास्त चटकन कळतात. बोलणे तुटक होणे, साध्या प्रश्नाला उशिरा उत्तर देणे, विनाकारण घाबरणे किंवा चिडणे, गुंगीत राहणे, हातातून वस्तू पडणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे. यांपैकी शेवटची तीन लक्षणे पक्षाघाताची असू शकतात आणि तेथे मिनिटे मोजली जातात. पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उलट्या होणे हे थेट मेंदूचे लक्षण नाही. ते यकृताच्या सुजेचे असते, पण झटक्यापूर्वी बरेचदा आढळते, म्हणून ते पित्तावर ढकलू नये. चेहरा आणि हात अचानक सुजणे हीदेखील सूचना आहे, मात्र पायांची सूज निरोगी गरोदरपणातही येते आणि तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

चौथी पायरी : आकडा पाहून काय करावे

लक्षणे नाहीत आणि आकडा १४०/९० पासून १५९/१०९ पर्यंत आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि तपासणी करून घ्यावी. घरच्या शांत वातावरणात मोजताना सातत्याने १३५/८५ च्या वर येत असेल तरी कळवावे, कारण घरचे आकडे दवाखान्यातील आकड्यांपेक्षा थोडे कमी असतात. याच टप्प्यातील आकड्यासोबत डोकेदुखी, नजरेची तक्रार, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा धाप असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच निघावे.

वरचा आकडा १६० किंवा अधिक, अथवा खालचा ११० किंवा अधिक आला तर पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. तो तसाच राहिला, तर ती तातडीची स्थिती आहे. रुग्णालयातही अशा दाबावर तीस ते साठ मिनिटांत औषध सुरू व्हावे असा दंडक आहे. या टप्प्यावर घरी विश्रांती घेऊन उतरतो का पाहणे, जुन्या चिठ्ठीतील गोळी वाढवणे किंवा गोळी फोडून जिभेखाली ठेवणे हे सर्व धोक्याचे आहे. अशा स्त्रीने स्वतः वाहन चालवू नये आणि एकटीने जाऊ नये.

वरच्या आकड्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. पूर्वी खालचा आकडा ११० झाला की धोका, अशी शिकवण होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रीएक्लॅम्पसियात पक्षाघात झालेल्या २८ स्त्रियांची पाहणी होती. त्यांपैकी बहुतेकींना रक्तस्राव झाला होता. ज्यांची आधीची मोजणी उपलब्ध होती त्यांचा वरचा आकडा १५५ किंवा त्याहून अधिक होता, पण खालचा ११० पर्यंत पोहोचलेल्या मोजक्याच होत्या. म्हणजे १६८/९८ असा आकडा ‘खालचा तर ठीक आहे’ म्हणून सोडून देणे ही मेंदूच्या बाबतीत मोठी चूक ठरू शकते.

फोन करताना घाईत नेमके तेच सांगायचे राहते. पुढील क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि तसाच वाचावा: ‘चौतिसावा आठवडा चालू आहे. बसून दोनदा मोजलेला रक्तदाब १६२/१०४ आणि १६४/१०२. दुपारपासून डोके दुखते, पॅरासिटामॉलने गेले नाही. डोळ्यांसमोर चमकते. पोट दुखत नाही. बाळ हलते आहे. चालू औषधे अमुक.’ आठवडा, आकडे, डोके, डोळे, पोट, बाळ, औषधे या क्रमाने बोलले की एका मिनिटात चित्र स्पष्ट होते.

पाचवी पायरी : झटका आला तर

एक्लॅम्पसियाचा झटका बहुधा चेहऱ्याच्या फडफडण्याने सुरू होतो, मग सर्व शरीर ताठ होते, श्वास थांबल्यासारखा वाटतो, ओठ निळसर पडतात, आणि त्यानंतर हातपाय जोराने झटकू लागतात. हे सर्व साधारणपणे एक ते दीड मिनिटात संपते, पण पाहणाऱ्याला ते फार लांब वाटते. म्हणून घड्याळाकडे पाहावे आणि सुरू झाल्याची वेळ ध्यानात ठेवावी.

तिला डाव्या कुशीवर वळवावे. त्यामुळे जीभ व लाळ घशात अडकत नाही आणि गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून दूर होतो. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू हलवाव्यात, पलंगावर असेल तर पडणार नाही असे पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी यांपैकी काहीही घालू नये. काहीही हुंगवू नये, आणि हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटका थांबत नाही, उलट इजा होते. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘गरोदर आहे, झटका आला आहे’ हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. झटका थांबल्यावर ती काही काळ बेशुद्ध किंवा गोंधळलेली राहील; कुशीवरच ठेवावे, श्वास चालू आहे ना हे पाहत राहावे. श्वास परत आला नाही तर छातीवर दाब देणे सुरू करावे.

झटका थांबला म्हणून संकट टळले असे समजू नये. उपचार मिळाले नाहीत तर दुसरा झटका येण्याची भीती खरी असते. जिला पूर्वी अपस्मार होता तिलाही गरोदरपणाच्या उत्तरार्धात झटका आला तर ‘नेहमीचाच आहे’ असे न मानता रक्तदाब व लघवी तपासली गेलीच पाहिजे.

सहावी पायरी : रुग्णालयात काय होते ते समजून घ्यावे

मेंदूला झटक्यांपासून वाचवणारे मुख्य औषध मॅग्नेशियम सल्फेट हे आहे, आणि ते स्वस्त, जुने व सर्वत्र मिळणारे आहे. १९९५ सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दोन्ही औषधांपेक्षा पुढचे झटके रोखण्यात सरस ठरले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रिया होत्या. प्रीएक्लॅम्पसियात मॅग्नेशियम दिल्यावर झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. सुरुवातीला साधारण ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू देतात आणि त्यानंतर तासाला एक ग्रॅम किंवा ठरावीक अंतराने स्नायूत इंजेक्शन देतात. प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर ते चोवीस तास चालू राहते.

औषध सुरू होताच सर्व अंगातून उष्णतेची लाट गेल्यासारखे वाटते, चेहरा लाल होतो, मळमळते आणि अंग जड पडते. याची आधी कल्पना दिली नाही तर स्त्री घाबरते. परिचारिका वरचेवर येऊन गुडघ्याखाली लहान हातोडीने हलका ठोका देतात आणि पाय उडतो का पाहतात. हा उपचार देताना तो ठोका अत्यंत महत्त्वाचा असतो, कारण रक्तात मॅग्नेशियम जास्त झाले की श्वास मंदावण्याच्या आधी गुडघ्याचा प्रतिसाद नाहीसा होतो. त्यासोबत श्वासांची गती आणि लघवीचे प्रमाण मोजतात; मॅग्नेशियम लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणून लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या खाली गेली तर मात्रा कमी करावी किंवा थांबवावी लागते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेले असते. बत्तिसाव्या आठवड्याच्या आधी जन्मणार असलेल्या बाळाच्या मेंदूलाही मॅग्नेशियम संरक्षण देते आणि सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचे, प्रमाण घटवते.

मात्र मॅग्नेशियम हे रक्तदाबाचे औषध नव्हे. रक्तस्राव टाळायचा तर दाब वेगळ्या औषधाने उतरवावा लागतो: लॅबेटालॉल किंवा हायड्रालाझिन शिरेतून, अथवा निफेडिपिन गिळून. दाब एकदम सामान्यावर आणत नाहीत, कारण तसे केल्यास मेंदूचा आणि वारेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला १४०-१५०/९०-१०० च्या आसपास आणणे हा हेतू असतो. तातडी ओसरल्यावर लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपाच्या गोळ्या चालतात. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या अक्षरांनी संपणाऱ्या नावांच्या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. त्या आधीपासून चालू असतील तर गरोदर राहण्यापूर्वी किंवा कळताच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

प्रत्येक झटक्यानंतर मेंदूचा स्कॅन लागतोच असे नाही. झटके मॅग्नेशियम चालू असूनही आले, एका बाजूची शक्ती गेली, शुद्ध परत येईना, डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, किंवा झटका प्रसूतीनंतर दोन दिवसांहून उशिरा आला, तर तो केलाच पाहिजे. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये पोटातील बाळापर्यंत पोहोचणारे किरण अत्यल्प असतात आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, म्हणून बाळाच्या भीतीने घरच्यांनी नकार देऊ नये.

आजाराचे मूळ वारेत असल्यामुळे तो ओसरण्याची सुरुवात वार बाहेर पडल्यावरच होते. गंभीर नसलेल्या प्रीएक्लॅम्पसियात सदतिसाव्या आठवड्याला, गंभीर स्वरूपात चौतिसाव्या आठवड्यानंतर आणि एक्लॅम्पसियात आईची प्रकृती स्थिरावताच, आठवडा कोणताही असो, प्रसूती करण्याचा निर्णय घेतात. सिझेरियनच हवे असा नियम नाही.

सातवी पायरी : बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

बाळ झाले, आता रक्तदाब आपोआप उतरेल, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. पेशींमध्ये साचलेले पाणी प्रसूतीनंतर रक्तात परत येते आणि रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान सर्वाधिक चढतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा बाळंतीण घरी आलेली असते, झोप पुरी होत नसते आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागलेले असतात. झटके आणि रक्तस्राव या काळातही येतात, आणि ज्यांचा रक्तदाब गरोदरपणात कधीच वाढला नव्हता अशा काही स्त्रियांनाही येतात.

म्हणून घरी सोडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत: गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, आकडा किती झाला तर फोन करायचा, आणि किती झाला तर थेट यायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत एकदा आणि सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पुन्हा रक्तदाब तपासला गेलाच पाहिजे; त्यापलीकडे दोन आठवडे घरी रोज मोजणे चांगले. निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि (गरोदरपणात वर्ज्य असलेली) एनालाप्रिल या गोळ्या आता अंगावर पाजताना चालतात, त्यामुळे दुधाच्या काळजीने त्या परस्पर बंद करू नयेत. मिथाइलडोपा प्रसूतीनंतर बदलतात, कारण तिच्यामुळे मन उदास होऊ शकते.

काही औषधे या काळात दाब वाढवतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे मिथाइलअर्गोमेट्रिन, दूध आटवण्यासाठीचे ब्रोमोक्रिप्टिन आणि सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या ही तीन नावे ध्यानात ठेवावीत, आणि अशी गोळी देणाऱ्या प्रत्येकाला रक्तदाबाचा इतिहास सांगावा.

बाळंतिणीच्या डोकेदुखीची कारणे अनेक असतात आणि थोडा भेद घरीही करता येतो. पाठीच्या इंजेक्शननंतरची डोकेदुखी बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. याउलट आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा पहाटे वाढणारी, दिवसागणिक तीव्र होत जाणारी डोकेदुखी शिरेतील गुठळीची असू शकते. तरीही या खुणांवर फार विसंबू नये. रक्तदाब मोजावा, आणि तो १४०/९० वर असेल किंवा डोकेदुखीसोबत नजर, बोलणे वा ताकद यांत बदल असेल तर त्याच क्षणी निघावे. तेथे पहिले वाक्य ‘मी इतक्या दिवसांची बाळंतीण आहे’ हे असावे. साध्या कपड्यांत, बाळाशिवाय आलेली स्त्री बाळंतीण आहे हे तातडीच्या विभागात ओळखू येत नाही, आणि एरवी १५५/१०० हा आकडा तेथे फारसा लक्ष वेधत नाही.

आठवी पायरी : पुढची वर्षे

बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब बारा आठवड्यांत सामान्य होतो. त्यानंतरही चढा राहिला तर तो जुना रक्तदाब समजून उपचार करावे लागतात. एक्लॅम्पसियातून गेलेल्या काही स्त्रिया पुढे लक्ष न लागणे, शब्द न आठवणे, एकाच वेळी दोन कामे न जमणे अशा तक्रारी करतात, आणि काहींच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक डाग दिसतात. या तक्रारींना ‘बाळामुळे दमली आहेस’ म्हणून टोलवू नये. त्यांत झोपमोड, उदासी आणि झालेल्या प्रसंगाची भीती यांचाही वाटा असू शकतो, आणि त्यांवर उपचार आहेत.

लांबच्या पल्ल्यात पक्षाघात आणि हृदयविकार यांचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत साधारण दुप्पट राहतो. डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारित, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांमध्ये रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश तिपटीहून अधिक आढळला. असा स्मृतिभ्रंश एकूणच कमी जणींना होतो, त्यामुळे एका स्त्रीपुरता धोका लहानच आहे. पण वर्षातून एकदा रक्तदाब, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने साखर, कोलेस्टेरॉल व मूत्रपिंड तपासत राहायला एवढे कारण पुरेसे आहे. तंबाखू पूर्ण बंद करणे आणि वजन आवाक्यात ठेवणे याच हिशेबात येते. चाळिशीनंतर कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गरोदरपणात बीपी वाढले होते’ हे आपणहून सांगावे. तपासणीच्या कागदावर तो प्रश्न बरेचदा नसतोच.

पुढचे मूल हवे असल्यास गरोदर राहण्यापूर्वीच भेट घ्यावी, आधीच्या वेळचे कागद, विशेषतः किती आठवड्यांना त्रास सुरू झाला याची नोंद, सोबत न्यावी, चालू गोळ्या तपासून घ्याव्यात आणि अ‍ॅस्पिरिन कोणत्या आठवड्याला सुरू करायची ते ठरवून वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवावे.